ट्रायल न घेतलेला ड्रेस

उन्हाळा सरत आला की मुलगा, सून, लेक आणि नात चार दिवस तळ्याकाठच्या घरी येत. त्या चार दिवसांच्या जोरावर टेलरआजी बाकीचं वर्ष काढायची. यंदा मुलाने फोनवर सांगितलं, सासूबाईही येतायत. येऊ देत की, असं आजी म्हणाली खरी, पण फोन ठेवल्यावर गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर उलटी शिवून बसली.

विहीणबाई बँकेतून निवृत्त झाल्या आणि थेट लेकीच्या, म्हणजे टेलरआजीच्या सुनेच्या, समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. तेव्हापासून नातीचं सगळं त्यांच्यावाचून अडायचं. शाळेत सोडायला ती आजी, पोहायला शिकवायला ती आजी, पडलेला दात जपून ठेवायलाही तीच आजी. टेलरआजीच्या पोटात दुखायचं आणि त्यावर औषध नव्हतं. वर बाई स्वभावाने चांगल्या. नावं ठेवायला कुठे जागा नाही, याचा राग आणखी वेगळा.

शेवटी तिने कंबर कसली. चांगलं ताणणारं कापड आणून नातीसाठी केशरी रंगाचा पोहायचा ड्रेस शिवला. ट्रायल घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात कपडा न देणारी ही बाई, पण नातीचं माप काय विचारायचं? ते तर तिला पाठ होतं.

पहिल्या सकाळी विहीणबाईंनी पिशवीतून विकतचा निळा ड्रेस काढला आणि केशरी दिसताच मुकाट्याने परत आत घातला. नात केशरी घालून तळ्याकडे पळाली. टेलरआजी काठावर खुर्ची टाकून, लढाई जिंकल्यासारखी बसली. पण सुख टिकलं नाही. नात सारखी पाण्याबाहेर यायची, विहीणबाई तिच्या खांद्यावरचा पट्टा सारखा करायच्या, कानात काहीतरी सांगायच्या आणि नात मान डोलवायची. आपल्यापासून लपवण्यासारखं या दोघींचं असं काय आहे? आजीच्या अंगाची लाही लाही झाली.

"आई, सवतीकडे बघावं तशी बघतेयस त्यांच्याकडे," लेक हसत म्हणाली. डोळ्यांवर ऊन येतंय म्हणून आजीने खुर्ची फिरवली. खुर्ची फिरली, मान तिकडेच राहिली.

दुपारी कपडे बदलायच्या निमित्ताने तिने नातीला एकटीला खोलीत नेलं. गुपित काढून घ्यायचंच होतं. ड्रेस खांद्यावरून निघता निघेना. निघाला तेव्हा खाली लाल वळ उठलेले.

"घट्ट होत होता, तर बोलली का नाहीस गं?"

"ती आजी म्हणाली, तू खूप मनापासून शिवलायस. आज हा घालू, उद्या हळूच निळा घालू."

खरं तर आजीला आधी लाज वाटायला हवी होती. आधी आला तो संतापच. म्हणजे चांगुलपणातही हीच बाई पुढे! मग वळांवरून तेलाचं बोट फिरवताना तिचा हात थांबला. माप चुकलं नव्हतं. ते गेल्या उन्हाळ्यातल्या पोरीचं होतं. तिच्यापाशी तेवढीच पोर होती. आजची पोर विहीणबाईंना रोज सकाळी समोरच्या दारात भेटत होती.

ती स्वतः जाऊन निळा ड्रेस मागून घेऊन आली. मला सांगायचंत ना, एवढंच ती विहीणबाईंना म्हणाली.

"सांगणार होते," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही इतक्या आनंदात बसला होतात."

आता यावर भांडायचं तरी कसं?

निळा ड्रेस नातीच्या अंगावर अगदी नीट बसला. आजीने टेप काढली आणि तिला सरळ उभं राहायला सांगितलं. खांदा, कंबर, उंची. सावकाश, एकेक माप दोनदा.

"आजी, पण पुढच्या वर्षी मी अजून मोठी होणार ना? मग आत्ता कशाला माप घेतेस?"

"असू दे," आजी म्हणाली. "उभी राहा जराशी."

नात उभी राहिली, पण तिचे डोळे दाराकडे होते. बाहेरून विहीणबाई तिला तळ्यावर बोलावत होत्या.