राखणदाराच्या हवाली

माझा भाऊ तुरुंगातून सुटून कोरगावला आला तेव्हा वडिलांनी त्याला घरात घेण्याआधी वाड्यावरच्या राखणदार देवासमोर उभं केलं. कोंबडा, रोट, काजूच्या दारूची, उर्राकाची बाटली, सगळं मांडलं. देवाची पूजा करणाऱ्या घाड्याने गाऱ्हाणं घातलं, "ह्याच्या आंगात जां काय वायट आसा तां भायर काड, म्हाराजा!" जमलेले सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणाले. मी कारापूरहून, सासरहून गेले होते. माझ्या तोंडून काही "व्हय" निघालं नाही.

त्याच्या अंगात काय होतं ते मला ठाऊक होतं. आई गेल्यावर वडील त्याला काजूबियांच्या खोलीत कोंडायचे. भात सांडला, कोंड. अंथरूण ओलं केलं, कोंड. बाहेर काढला की वर पट्ट्याने मार. तेव्हा त्याच्या किंकाळ्या ऐकून न ऐकल्यासारखं करणारे शेजारीच आता म्हाराजाला साकडं घालत होते. मोठेपणी कुणी नुसतं दंडाला धरलं तरी तो हाताला लागेल ते उचलून मारायचा. तसाच आत गेला. लहानपणी काय झालं, हे त्याला पहिल्यांदा विचारलं ते तुरुंगातल्या डॉक्टरांनी. त्यांनीच गोळ्या सुरू केल्या आणि सुटताना बजावलं, या बंद करू नका.

गाऱ्हाण्याच्या दुसऱ्याच दिवशी वडिलांनी त्या बंद केल्या.

"देवाच्या हवाली केलो, आता गोळ्यो कित्याक? देवार इस्वास नाय तुझो?"

मी कडकडून भांडले. "तू दुसऱ्या घरची, गप ऱ्हव," म्हणाले. देवाचं नाव काढलं की आपल्याला कुणी जाब विचारत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. देवाला पुढे करून मागे लपणाऱ्या या माणसाची मला आजही चीड येते.

काजूचा मोसम संपायच्या आत भावाने पेडण्याच्या बाजारात एकाचं डोकं फोडलं. त्या बिचाऱ्याने ओळखीने खांद्यावर हात ठेवला होता. पोलीस घेऊन गेले. गाव म्हणालं, जात्याच तसला.

मी तुरुंगात भेटायला गेले. आठवडाभर नीट झोपल्यासारखा त्याचा चेहरा होता. मी म्हटलं, वकील बघितलाय, जामीन करते, मग माझ्याकडेच राहा.

"जामीन नको गो ताई," तो म्हणाला. "हंयसर तुरुंगात गोळी येळार मेळता. आणि बाबा हंयसर आत येवक शकना नाय."

वकिलाला मी परत फोन केला नाही.