आधी कोणी बोलायचं

बाबांची नजर गेली तेव्हा मी त्यांना माझ्याकडे आणलं, त्यांची जाडजूड पुस्तकं मेहकरच्या मंडळीला, म्हणजे त्यांच्या चर्चला, देऊन टाकली आणि लॅपटॉपवर बायबल अभ्यासाचं सॉफ्टवेअर घातलं. कपाट रिकामं झालं. खामगावात माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट आहे. दुपारी एक ते चार बॅच नसते. तेवढ्या वेळात बाबा विचारायचे आणि मी शोधायचे. ते चाळीस वर्षं चर्चचे पाळक होते. दफनविधी कसा चालवावा, यावर नव्या पाळकांसाठी त्यांना एक लहान पुस्तिका लिहायची होती.

सॉफ्टवेअरमध्ये बायबलसोबत यहुदी धर्मगुरूंचे जुने ग्रंथही होते. मिश्ना, तालमूद वगैरे, इंग्रजी भाषांतरासह. बाबांना इंग्रजी जेमतेम. ते मराठी शब्द सांगत, मी इंग्रजी टाकायचे आणि आलेल्या ओळी मराठीत करून वाचायचे.

पुस्तिकेसाठी त्यांना एक गोष्ट पुराव्यानिशी हवी होती. ज्या घरात कोणी गेलं, त्या घरी पाळकाने बसायच्या आधी, उंबऱ्यावरूनच बायबलचं वचन बोलावं, हा यहुद्यांचा जुना नियम आहे, असं ते आपल्या गुरुजींकडून शिकले होते. तो त्यांनी आयुष्यभर पाळला. माझ्या दारातही.

सहा वर्षांपूर्वी माझा नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये काम करता करता कोसळला आणि गेला. बाबा मेहकरहून मिळेल त्या गाडीने आले. चपलाही न काढता दारात उभे राहिले, बायबल उघडलं आणि वीस मिनिटं बोलले. देवाची इच्छा, माझी मुलगी खंबीर आहे, असं बरंच. लोक रडले. मला त्यांना काही सांगायचं होतं. ते राहिलं, आणि मी शवपेटीवाल्याला फोन करायला आत गेले. त्यानंतर त्या दिवसाबद्दल मी कोणाशीच बोलले नाही. कामं होती.

नुसतं ‘सांत्वन’ शोधलं तर शेकडो ओळी आल्या. मग ‘शोक करणारा’ आणि ‘बोलणे’ हे शब्द जिथे जवळजवळ येतात तेवढ्याच जागा मागितल्या. तालमूदमधली एक निघाली. मी ती दोनदा वाचली. भेटायला आलेल्यांनी एक शब्दही बोलू नये, शोक करणाऱ्याने आधी तोंड उघडेपर्यंत. आधार बायबलमधल्या, मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाचा दिला होता: त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ नुसते बसून राहिले, मग तो बोलला, आणि त्यानंतर ते.

ती जागा गाळता आली असती. पण चूक दिसली की लाल पेनाने गोल करायची माझी सवय. वाचून दाखवलं.

बाबा म्हणाले, “गुरुजींनी उलटं सांगतलं, का मीच उलटं ध्यानात ठेवलं, आता कोणाले इचारू?” आणि मग, “तुया दारात मी किती बोललो व, बाई?”

“वीस मिनिटं.”

“मले कोणी काऊन नाही थांबवलं?”

“कोण थांबवणार? तुम्ही पाळक होता.”

पुस्तिका तिथेच थांबली. दुसऱ्या दिवसापासून बाबा दुपारी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसू लागले. शोधायला काही सांगत नसत. हात मांडीवर, चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेला. ते कशाची वाट पाहताहेत, हे मला पहिल्याच दुपारी कळलं. मी त्यांना सिलिंडर कधी येणार ते सांगितलं, टायपिंगच्या मुलींच्या परीक्षेची तारीख पुढे गेल्याचं सांगितलं, नळाचा वॉशर बदलल्याचं सांगितलं. ते मान हलवत. चारची बॅच आली की उठून जात. पोळ्यापासून होळीपर्यंत हे चाललं. उद्या बोलू, असं मी रोज ठरवायचे. होळीनंतर त्यांना न्यूमोनिया झाला आणि तीन दिवसांत ते गेले.

घर भरलं. नवे पाळक आले, बाबांनीच तयार केलेले. दारात उभं राहून त्यांनी बायबल उघडलं. मी त्यांना थांबवलं, आत येऊन बसायला सांगितलं. ते बसले. सगळे गप्प झाले. आता आधी मीच बोलायचं होतं.

“माझा नवरा गेला ना, त्या सकाळी तो म्हणत होता, डावा हात दुखतोय,” मी म्हटलं. “मी म्हटलं, पान्याने नट आवळून दुखत असेल. डबा हातात दिला आणि कामावर धाडलं.”

शेजारी मावशी बसली होती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. “आता ते काऊन काढतं, बाई? आज तुया बापाचा दिवस हाये.”

तिचं बरोबर होतं. ज्यांना हे ऐकायचं होतं ते पेटीत होते. मी पाळकांना सुरू करा म्हटलं आणि लोकांसाठी पाणी आणायला आत गेले.