रंभाजींच्या फ्लेक्सचा आडोसा

दुष्काळाच्या साली जामखेडजवळच्या माळावर चारा छावणी उघडली आणि चांगुणाबाई आपली गाभण गाय घेऊन तिथंच राहायला गेली. छावणीत चारा मिळायचा, पाणी मिळायचं. सावली मात्र ज्याची त्यानं आणायची. माळावर झाडं असती, तर छावणी कशाला लागली असती?

साठी ओलांडलेल्या बाईनं मग जमवाजमव सुरू केली. वाळक्या बाभळीच्या सहा मेढी रोवल्या. खताच्या रिकाम्या गोण्या उसवून दाभणानं एकमेकींना शिवल्या, त्यावर दोन जुनी लुगडी पसरली आणि दोरीऐवजी ठिबकच्या फाटक्या नळ्यांनी सगळं आवळून टाकलं. हात सोलून निघाले. गुडघ्यांचं तर तिनं बोलणंच सोडलं होतं.

एवढं करूनही पश्चिमेची बाजू उघडीच राहिली. दुपार कलली की ऊन थेट गाईच्या अंगावर. गाय धापा टाकायची, तोंडातून लाळ गळायची. आठवडाभरात ती व्यायची होती आणि असल्या उन्हात छावणीतली दोन वासरं जन्मताच गेली होती. ही गाय गेली तर आपल्याजवळ काय उरतं, हे चांगुणाबाईला कुणी सांगायला नको होतं.

घरी एकच धड वस्तू होती: नवऱ्याच्या दहाव्याला लावलेला फ्लेक्स. दहा फूट लांब, वर भावपूर्ण श्रद्धांजली, मधोमध फेटा बांधलेले रंभाजी. वर्षश्राद्धाला पुन्हा लावायचाय, जपून ठेव, असं पुण्यात कंपनीत कामाला असलेला मुलगा सुनील बजावून गेला होता. चांगुणाबाई चार किलोमीटर चालत गेली, ट्रंकेतून फ्लेक्स काढून आणला आणि पश्चिमेला बांधला. रंभाजींचं तोंड आतल्या अंगाला. शेजारच्या दावणीचे सहादेव हसले. हसू देत.

रविवारी सुनील आला, तो नेमका गाय कळा देत बसलेली असताना. त्याचं गाईकडं लक्षच गेलं नाही.

"आये, दादांचा फोटू जनावराला? लोकं काय म्हनतील?" म्हणत त्यानं वरची गाठ सोडली. फ्लेक्स लोंबला. ऊन गाईच्या डोळ्यांवर आलं आणि ती धडपडत उठायला लागली.

चांगुणाबाईला कडाकडा भांडायचं होतं, पण अंगात त्राण नव्हतं.

"सुन्या, तुजा बाप असता तर सोता उन्हाला आडवा राह्यला असता," ती म्हणाली. "त्यो न्हाई म्हनून फोटू लावला. सोडायचा तर सोड, पन मग तू उभा राहा."

सुनीलनं आता कुठं गाईकडं पाहिलं. लोंबतं टोक त्यानं दोन्ही हातांनी वर धरलं. गाय पुन्हा टेकली. त्याचा इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटला, तरी त्यानं टोक खाली येऊ दिलं नाही. दीड तासानं कालवड बाहेर आली. लिबलिबीत, पण कान हलवणारी.

चांगुणाबाईनं तिचं नाक-तोंड पुसलं, तिला गाईपुढं सरकवलं आणि तिथंच मातीत अंग टाकलं. परत गाठ मार, एवढं म्हटलं असतं तर पोरगा सुटला असता. ती म्हणाली नाही. रंभाजी गेल्यापासून सगळं तिनं एकटीनं धरलं होतं. आता दुसरं कुणी धरून उभं आहे, हे तिला थोडा वेळ नुसतं पडून बघायचं होतं.