विलास रोज ज्या शहरात जायचा

विलास गेला तेव्हा मी कर्जतला होतो. पुतणीच्या साखरपुड्यासाठी आदल्या दिवशीच गेलो होतो. सकाळी आठच्या सुमारास मांडवात खुर्च्या लावायचं काम चाललं होतं आणि खिशातला मोबाईल वाजला. नाव विलासचं दिसलं, आवाज मात्र त्याच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा. "भाऊजी, हे उठत न्हाईत," त्या म्हणाल्या. "खुर्चीत बसलेत. मी दूध आनायला गेल्ते. आल्यावर हाक मारली तर... उठत न्हाईत." मी म्हणालो डॉक्टरांना बोलवा, शेजारच्यांना बोलवा. त्या सगळ्याला 'व्हय, व्हय' म्हणत राहिल्या. नंतर कळलं, शेजारी तेव्हा घरातच उभे होते आणि डॉक्टरही येऊन गेले होते. नगरला येणाऱ्या एसटीत खिडकीशी बसून मी विलासची कितीतरी रूपं आठवायचा प्रयत्न केला, पण मन सारखं एकाच जागी जात होतं. मला त्याला काहीतरी सांगायचं होतं. वर्षभर ते सांगायचं मी टाळलं होतं. आता ते ऐकायला माणूसच उरला नव्हता.

नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, आम्ही दोघांनी सत्तावीस वर्षं शेजारशेजारच्या मशीनवर काढली. टूलरूम म्हणजे जिथं साचे बनतात ती खोली. तिथली चूक केसाहून बारीक असते, डोळ्यांना दिसतही नाही, आणि तरी चालत नाही. विलास श्रीगोंद्याकडच्या एका खेड्यातून आयटीआय करून आलेला. बोलायला अगदी कमी. हात मात्र असे, की साहेब लोक अवघड काम आलं की ड्रॉइंग थेट त्याच्यापुढं ठेवत. त्याच्या हातून एखादा जॉब बिघडला, आणि तो क्वचित बिघडायचा, तर कुणी विचारायच्या आत तो स्वतः सुपरवायझरकडं घेऊन जायचा. "माज्याकडून गेला हा," म्हणायचा आणि परत येऊन नवीन तुकडा लावायचा. मला ते कधी जमलं नाही. माझा बिघडलेला जॉब भंगाराच्या डब्यात तळाशी जायचा.

त्याला एकच मुलगी. प्राजक्ता; घरात प्राजू. शिकायला हुशार, वडिलांसारखीच हातांनी काही ना काही उघडून बघणारी. पुण्याला इंजिनिअरिंगला गेली आणि शेवटच्या वर्षी एका कंपनीत शिकाऊ म्हणून लागली, तेव्हा पहिल्या पैशांतून तिनं वडिलांना बूट घेतले, आईला साडी घेतली आणि स्वतःला एक जुनं, कुणीतरी वापरलेलं, हातात धरून गेम खेळायचं मशीन घेतलं. विलासनं मला हे सांगितलं तेव्हा तो जरा वैतागलेला होता. बावीस वर्षांची घोडी झाली आणि खेळणं कसलं घेते, असं त्याचं म्हणणं. चार महिन्यांनी तिला ताप यायला लागला. तो उतरेना. रक्ताचा कॅन्सर निघाला.

पुढचे सात महिने विलास पुण्याच्या हॉस्पिटलमध्ये होता. मी महिन्यातून दोनदा जायचो. प्राजूच्या डोक्यावर रुमाल, अंगावर दोन पांघरुणं, आणि हातात ते मशीन. तिनंच मला तो गेम दाखवला. एक मुलगी एकटी एका मोठ्या शहरात येते. खोली भाड्यानं घेते, दिवसा दुकानात काम करते, बसनं फिरते, लोकांशी बोलते. शहराच्या पोटात, तळघरांत, बंद पडलेल्या स्टेशनांत काळ्या सावल्यांसारखं काहीतरी राहतं आणि ते माणसांना एकेक करून ओढून नेतं. त्याच्याशी ती लढते. जिंकली की थोडी बळकट होते, मग शहराचा पुढचा भाग तिला उघडतो. "काका, हे शहर खरं नाहीये, पण असंच एखादं असणार कुठंतरी," प्राजू म्हणाली होती. "बरी झाले की बघायला जाणार मी." त्या मुलीला तिनं स्वतःचंच नाव दिलं होतं. सलाईन बदलायला सिस्टर आल्या की ती मशीन वडिलांच्या हातात द्यायची. विलासची बोटं जाड, बटणं बारीक. "पप्पा, नुसतं चालवा हिला. लढाई लागली की मला द्या. आणि सेव्ह करू नका हं, माझं सगळं बिघडवाल." त्या गेममध्ये खेळ जपून ठेवायला जागा एकच होती. नवीन जपलं की जुनं पुसलं जायचं.

प्राजू गेली...

त्याबद्दल मला लिहिता येणार नाही. विलास महिन्यानं कामावर आला. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी त्यानं पिशवीतून मशीन काढलं आणि तो एका बाजूला जाऊन बसला. काही पोरं हसली. मग कुणीतरी त्यांना सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून कुणी हसलं नाही. आठवड्यानं त्यानं मला जवळ बसवून दाखवलं. नदीवरचा मोठा पूल, पलीकडं उंच इमारती, पुलाच्या तोंडाशी शेवयांची गाडी, आणि फुटपाथवर उभी असलेली मुलगी. प्राजूनं शेवटचं जपून ठेवलं होतं ते इथं. "इथं थांबलीय ती," विलास म्हणाला. तो रोज तिला पुलावरून न्यायचा, दोन-चार गल्ल्या फिरवायचा, आणि मशीन बंद करायचा. सेव्ह कधीच नाही. त्यामुळं दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पुलाच्या तोंडाशी उभी असायची, जिथं प्राजूनं ठेवली होती तिथंच. गाडीपाशी छत्री घेतलेला एक म्हातारा होता, तो इंग्रजीत काहीतरी म्हणायचा. विलासनं मला विचारलं काय म्हणतो. मी वाचून सांगितलं, "आज पाऊस येईल असं दिसतंय." विलास म्हणाला, "रोज म्हनतो. येत न्हाई." प्राजू गेल्यानंतरच्या तीन वर्षांत मी त्याला हसताना पाहिलं ते बहुतेक एवढंच.

काही गल्ल्यांत सावल्या होत्या. तिकडं तो तिला कधी नेत नसे. "आपन कशाला भांडनात न्यायचं तिला," म्हणायचा. वहिनींना हे सगळं बघवत नव्हतं. एकदा माझ्यासमोरच त्या म्हणाल्या, "ती पोरगी आपली न्हाई. आपली जाळून आलोय आपन." विलासनं मशीन बंद केलं, रुमालात गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सुट्टीत ते पुन्हा त्याच्या हातात होतं. असं जवळजवळ दोन वर्षं चाललं. मला वाटायचं, ठीक आहे. कुणी दारू पितं, कुणी देवळात बसतं. हा पुलावर जातो.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहितो. गेल्या वर्षी त्या मशीनची बॅटरी फुगली. मागचं झाकण वर आलं आणि मशीन सुरू होईना. विलास घाबराघुबरा होऊन माझ्याकडं आला. एवढा मोठा कारागीर, पण ते उघडायला त्याचे हात धजेनात. मी म्हणालो, दे इकडं, माझ्या ओळखीचा एक दुरुस्तीवाला आहे. दुरुस्तीवाल्यानं बॅटरी बदलली, तरी पडद्यावर नुसतं चिन्ह येऊन थांबायचं. मी दुकानात उभा होतो, घरी पाहुणे यायचे होते, आणि मोटरसायकल रस्त्यात लावलेली होती. त्यानं मला विचारलं, "काका, सगळं नव्यानं टाकावं लागेल. आतलं सगळं जाईल. चालेल का? नाहीतर आठ दिवस ठेवा, काढता येतंय का बघतो." मी म्हणालो, "आत काय असणार, गेम तर आहे. टाक, चालू करून दे."

मला माहीत होतं आत काय आहे. माणूस माहीत असलेलं कसं विसरतो ते मला सांगता येत नाही. पण त्या वेळी खरंच माझ्या डोक्यात मोटरसायकल होती.

संध्याकाळी मी ते विलासला नेऊन दिलं. त्यानं सुरू केलं. गाणं वाजलं, आणि पडद्यावर आलं: तुमचं नाव लिहा. त्यानं बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं ते माझ्या हातात दिलं, जणू माझ्या हातात पूल दिसेल. मी म्हणालो, "दुरुस्तीवाल्यानं घोटाळा केला वाटतं." मी हे म्हणालो. त्या पोराच्या डोक्यावर खापर फोडून मोकळा झालो. विलास म्हणाला, "त्याचा तरी काय दोष? त्याला काय म्हाईत." मग मला चहा विचारला.

पंधरा दिवस त्यानं मशीन काढलंच नाही. नंतर एका रविवारी मला बोलावून म्हणाला, इंग्रजीत प्राजूचं नाव लिहून दे. ते लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. मी लिहिलं. गाडीतून उतरलेली एक मुलगी हातात बॅग घेऊन एका मोठ्या स्टेशनात उभी राहिली. पूल कुठंच नव्हता. पूल फार पुढं होता. तिथवर पोचायचं तर एकेक भाग उघडत जावा लागणार, आणि भाग उघडायचा तर सावल्यांशी लढावं लागणार. विलासला नुसतं चालता येत होतं. लढणं प्राजूला येत होतं.

त्या गेममध्ये हरलं की मुलगी गुडघ्यावर येते, मग आडवी होते, मग पडदा हळूहळू काळा होतो. खेळणाऱ्यांना त्याचं काही वाटत नसणार. ते पुन्हा सुरू करतात. विलासला ते दर खेपेला बघावं लागायचं. कारखान्यात सुट्टीत माझ्याजवळ येऊन हळूच म्हणायचा, "आज दोनदा पडली." मग दोन-तीन दिवस हात लावायचा नाही. मग पुन्हा बसायचा. मी त्याला म्हणालो, माझ्या भाच्याला देऊ, तो चार आठवड्यांत पुलापर्यंत नेऊन देईल. "दुसऱ्याच्या हातात न्हाई द्यायची," तो म्हणाला. मी म्हणालो, मग सोडून दे विलास, तो पूल आला तरी ती प्राजूनं ठेवलेली नसणार. हे मी म्हणायला नको होतं. पण खरं होतं, आणि ते त्याला माझ्याआधी कळलेलं होतं. तो म्हणाला, "म्हाईत हाय रे. पर न्हाई नेली तर ती तिथं स्टेशनवरच उभी हाय ना." त्यावर माझ्याकडं उत्तर एकच होतं, की हे सगळं माझ्यामुळं झालं, आणि ते मी दिलं नाही. त्या वर्षभरात रोज एक तरी क्षण असा यायचा, की आता सांगावं. तो माझ्यावर ओरडला नसता. म्हणाला असता, असू दे. त्या 'असू दे'लाच मी भीत होतो.

आमची शेवटची भेट कर्जतला निघण्याच्या दोन दिवस आधीची. तब्येत ठीक नव्हती, छातीत जड वाटतं म्हणत होता. दाखवून घे म्हणालो तर मान हलवली. मशीन मांडीवर होतं. म्हणाला, "दत्ता, नदी दिसली बरं का. लांबून. रस्ता बंद हाय अजून, आडवं काहीतरी लावलंय." मी विचारलं, पूल? "पूल न्हाई दिसला. धुकं हाय." मग विचारलं, "उघडंल ना रं ते?" मी म्हणालो, उघडेल की. मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

चौदावा झाल्यावर पाहुणे गेले, तसा मी बोल्हेगावच्या त्याच्या घरी गेलो. आज सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. त्याला नाही तर वहिनींना. वहिनी जमिनीवर बसल्या होत्या आणि मशीन चार्जरला लावलेलं होतं. "रोज लावते," म्हणाल्या. "त्यांची सवय हुती. का लावते ते म्हाईत न्हाई." मग म्हणाल्या, "मला कधी बघायचं नव्हतं. आज दाखवा." मी बटण दाबलं. विलासनं, तो गेला त्या सकाळी, जिथं सेव्ह करून थांबवलं होतं तिथंच ते उघडलं. मला वाटलं होतं नदी असेल, रस्त्यावरचा अडथळा असेल. पण मुलगी तिच्या भाड्याच्या खोलीत होती. एक कॉट, एक टेबल, खिडकीबाहेर उंच इमारतींचे दिवे. लढाईत हरायला झालं की तो तिला खोलीवर आणून ठेवत असावा.

वहिनींनी मशीन दोन्ही हातांत धरलं. चष्मा नव्हता म्हणून अगदी डोळ्यांजवळ नेलं. मी तोंड उघडलं होतं, 'वहिनी, ते दुरुस्तीचं' एवढं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात पडद्यावरच्या मुलीनं मान वळवून दाराकडं पाहिलं. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं. वहिनी हळू आवाजात तिला म्हणाल्या, "कुनाची वाट बघतीस गं?" आणि मग माझ्याकडं वळून, "भाऊजी, ह्ये तिला घ्यायला येत असतील का रोज?"

बराच वेळ कुणी बटण दाबलं नाही, की ती मुलगी तशी मान वळवते. गेममध्येच तसं बसवलेलं असतं. दाराबाहेर कुणी नसतं. मी ते वहिनींना सांगितलं नाही. दुसरंही सांगितलं नाही. हे मी वर्तमानपत्राच्या ज्या रविवारच्या पुरवणीसाठी लिहितोय, ती पुरवणी वहिनी वाचतात.