डाव्या हातानं भरलेल्या कॉप्या

आधीच सांगून टाकते, ही गोष्ट आठवली की मले अजूनही मळमळते. खरंच! थुंकी लागलेल्या कागदाचा वास येते नाकात.

बी.ए. झालं अन् लगेच रायपूरमधे तेलीबांध्याच्या एका नर्सरी शाळेत मले नोकरी लागली. आम्ही राहतो चौबे कॉलोनीत, तिथून ऑटोनं जायची. बावीस पोट्टे-पोट्ट्या, सगळे साडेतीन-चार वर्षांचे. आईबाप बहुतेक नवा रायपूरच्या ऑफिसांमधले, सकाळी तेलीबांधा तलावापासून बस पकडणारे. अन् सगळ्यांले एकच घाई. पुढच्या वर्षी मोठ्या शाळेत नंबर लागला पाहिजे, अन् तिथं इंटरव्ह्यूमधे एबीसीडी लिहायले लावतात म्हणे.

म्हणून आमच्या शाळेत दर शनिवारी कॉप्या, म्हणजे पोट्ट्यांच्या वह्या, टेबलावर मांडायच्या. प्रत्येक कॉपीत दोन पानं भरलेली पाहिजेत. आईबाप यायचे, फोटो काढायचे, ग्रुपवर टाकायचे.

आता साडेतीन वर्षांचं पोट्टं दोन पानं काय भरणार? ज्याले शर्टाचं बटन लावता येत नाही, टिफिनचं झाकण उघडत नाही, त्याच्या बोटांत पेन्सिल कशी राहील? सगळे पेन्सिल मुठीत धरायचे, टरबूज कापायले चाकू धरतात तशी. मग आम्ही त्यांचा हात धरून लिहायचो. यक! गरम, चिकट हात, शेंबूड लागलेला, बिस्किटाचा चुरा लागलेला, अन् माझ्या हातात मेल्या पालीसारखा पडून असलेला. हात त्याचा, ओढून राहिली मी. शेवटी कागद फाटायचा नाहीतर पोट्टं रडायचं.

एका गुरुवारी बाजूच्या वर्गाच्या टीचरनं, तिले आम्ही सगळे दीदी म्हणायचो, दार लावून घेतलं.

"ऐसे तो अगला शनिवार आ जाएगा. लेफ्ट हैंड से भर."

"म्हणजे?"

"अरे, सब यही करते हैं. उल्टे हाथ से लिखेगी तो बच्चे जैसा ही आएगा. दो-चार लाइन के बाहर. और ये देख." तिनं बोट जिभेवर फिरवलं अन् पानावर घासलं. काळा डाग पसरला. "थोड़ा गंदा कर, तभी असली लगता है."

मी हसली. हो, हसली! मले वाटलं काय भारी आयडिया आहे. दोन महिन्यांत मी इतकी पक्की झाली की कोणाचं अक्षर कसं वाकडं काढायचं तेही ठरलेलं. एकाचा ए लंगडा, एकीचा बी पोट सुटलेला. बावीस कॉप्या, बावीस थुंक्या, सगळ्या माझ्या.

माझ्या वर्गातली एक पोट्टी अगदी चूप राहायची. तिची आई आमच्यासारखीच मराठी, मंत्रालयात क्लार्क. पोट्टीच्या हातात पेन्सिल दिली की बोटं सरळ ताठ व्हायची.

तेव्हा आमच्या घरी मावसबहिणीच्या लग्नाचे गव्हले चालले होते. आई रव्याच्या गोळ्यातून चिमूटभर घ्यायची, अंगठा अन् बोटामधे फिरवायची अन् तांदळाएवढा दाणा ताटात पडायचा. मी पाहातच राहिली. अरे, पेन्सिल धरायले हीच तर बोटं लागतात! दुसऱ्या दिवशी डब्यात गोळा घालून नेला. बाकीच्यांनी साप केले, खाल्ला, केसांले लावला. ती पोट्टी मात्र खाली मान घालून एकेक दाणा काढून राहिली होती. जाडे, वाकडे, पण दाणे! तीच बोटं, जी पेन्सिल पाहून ताठ व्हायची.

प्रिन्सिपल मॅडम आल्या. "ये क्लास है कि रसोई? पेरेंट्स को क्या दिखाओगी, आटा?" अन् ताट सरळ डस्टबिनमधे. मी काय केलं? कॉपी काढली अन् डाव्या हातानं भरली.

त्या शनिवारी तिची आई पोट्टीले दंडाले धरूनच आली.

"मॅडम, तुम्हीच विचारा हिले. शाळेत एवढं सुंदर लिहिते अन् घरी ढोंग करते. काहून करते असं?"

"मेरे को नहीं आता," पोट्टी म्हणाली.

"पाहा! खोटं पण बोलून राहिली. कॉपी काय भुतानं लिहिली?" आई मले म्हणाली, "तीन दिवस झाले, लिहिल्याशिवाय जेवायले देत नाही मी. काल पट्टीनं पण दिलं."

पोट्टीनं हात फ्रॉकमागे लपवला. मी ओढून पाहिला. बोटांच्या गाठी लाल, सुजलेल्या. एवढूशी बोटं. अन् मार कशाचा, तर माझ्या अक्षराचा.

मी दोघींले गेटजवळ नेलं. कॉपी उघडली, पेन्सिल डाव्या हातात घेतली अन् कोऱ्या पानावर ए काढला. बोट चाटलं, घासलं. मागच्या पानाशी लावून दाखवला. डिट्टो.

तिले समजायले वेळ लागला. मग म्हणाली, "सगळी पानं?"

"सगळी. ती खोटं नाही बोलत, ताई. तिले खरंच येत नाही. अजून यायचं वय नाही. तिची बोटं तयार होऊन राहिली आहेत, थांबा थोडं."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आजपासून तिच्या कॉपीले हात लावायचा नाही."

नाही लावला. मॅडमची नजर चुकवून तिले गव्हल्याचा गोळा देत राहिली, कपड्यांचे चिमटे देत राहिली, कागद फाडायले देत राहिली. दीड महिन्यानं तिनं पेन्सिल बोटांत धरली. चार उभ्या रेषा. स्वतःच्या. मी नाचलीच!

शनिवारी ती कॉपी टेबलावर होती. चार रेषा, बाकी पान कोरं. प्रिन्सिपल मॅडमनं हळूच उलटी केली. तिच्या आईनं येऊन सरळ केली. पोट्टी माझ्याजवळ उभी, माझं बोट धरून.

शेजारी उभी एक बाई वाकून पाहून मले म्हणाली, "अरे, बस इतना? मेरा बेटा तो पूरे दो पेज भर देता है. है ना मैडम?"

मॅडम पाहून राहिल्या होत्या. दीदी पाहून राहिली होती. पोट्टीची आईही पाहून राहिली होती, थांबली होती, मी काय बोलते म्हणून.

त्या बाईच्या हातातली कॉपी माझीच होती. लंगडा ए.

"हव," मी म्हटलं. "बहुत अच्छा लिखता है."

पोट्टीच्या आईनं पर्समधून रुमाल काढला, पोट्टीचा हात माझ्या हातातून सोडवला अन् एकेक बोट पुसलं.