पिवळ्या पिशवीचा नंबर

वडगावच्या अंजनीचा दवाखान्यातल्या कुणावरच भरवसा नव्हता. सासऱ्यांसाठी आणलेली इंजेक्शनं न वापरताच औषधाच्या दुकानात परत गेलेली तिनं बघितली होती. तेव्हापासून, यंत्रमागावर तुटका धागा शोधावा तशी ती दवाखान्यातलं सगळं न्याहाळायची.

आता तिची लेक आरोही डेंग्यूनं पडली होती. प्लेटलेट नऊ हजार, हिरड्यांतनं रक्त. सकाळी दीर विक्रम खाली रक्तपेढीत जाऊन रक्त देऊन आला. दुपारी नर्स पिशवी घेऊन आली. आत पिवळट पाणी!

"ह्ये न्हाय लावायचं," अंजनी खाटेपुढं उभी राहिली. "माझ्या दिराचं रगत लाल हाय. ते कुणाला इकलं?"

नर्सनं रक्तपेढीतल्या तेजस्वीला बोलावलं. "आक्का, दहा मिनिटं खाली चला. ही पिशवीबी घेऊ," तेजस्वी म्हणाली.

खाली एक माणूस यंत्राला जोडलेला होता. नळीतून लाल रक्त आत जाई, गरगर फिरे. पिशवीत पिवळं साठे.

"हे प्लेटलेट. तुमच्या मुलीला एवढंच पाहिजे. पांढऱ्या पेशी वगळतो, नाहीतर थंडी वाजून ताप येतो. लाल रक्त परत देणाऱ्याच्याच हातात जातं," तेजस्वी म्हणाली.

अंजनीनं परत जाणारी नळी कोपरापर्यंत नजरेनं माग काढत बघितली. लाल होती. तरी मन मानेना.

"पण ही पिशवी विक्रमचीच कशावरनं?"

तेजस्वीनं नोंदवही उघडली. विक्रमच्या सहीपुढचा नंबर वाचला, मग पिशवीवरचा. पुन्हा वाचला. तिचा चेहरा उतरला.

"ही दुसऱ्या आरोहीची. चिकोडीची मुलगी, त्याच वॉर्डात. रक्तगटबी वेगळा आहे."

अंजनीनं पिशवीवरचा नंबर स्वतः वाचून बघितला. रंगावरनं आपण उगाच भांडलो. पण भांडलो नसतो तर?

प्लेटलेटच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हलत्या ठेवलेल्या, फ्रीजशेजारच्या ट्रेवरून तेजस्वीनं विक्रमची पिशवी काढली. अंजनीनं एकेक आकडा मोठ्यानं वाचला, मगच वर नेऊ दिली.

वर आल्यावर आधी ती चिकोडीच्या आरोहीच्या आईपाशी गेली. "बाई, पिशवी लावायच्या आधी नंबर बघून घ्या. मी संगट थांबते."

तिसऱ्या दिवशी आरोहीच्या प्लेटलेट अडतीस हजारांवर आल्या. आणखी दोन दिवसांनी मायलेकी घरी निघाल्या, तेव्हा तेजस्वीनं माफी मागितली. अंजनीनं मान हलवली, आणि सुट्टीचा कागद उजेडात धरून आरोहीचं पूर्ण नाव वाचलं.