राखेतला सांधा

काकूंच्या अस्थी वेचताना राखेत त्यांच्या खुब्यात बसवलेला सांधा सापडला. टायटॅनियमचा दांडा काळवंडला होता, पण त्यावरचा सिरॅमिकचा गोळा तसाच गुळगुळीत होता. गोळ्यावरची प्लास्टिकची वाटी मात्र कुठेच नव्हती.

मी कॉलेजात हेच शिकवतो. धातूतले अणू आपले इलेक्ट्रॉन सगळ्यांत मिळून वापरतात, म्हणून धातू वाकतो पण सहसा तुटत नाही. सिरॅमिकमधले अणू एकमेकांना इतके घट्ट धरतात की चितेतही ते सुटत नाहीत. प्लास्टिकमधल्या अणूंच्या लांबलचक साखळ्या नुसत्या एकमेकींना टेकून असतात, आच लागली की लगेच सैल पडतात. काकूंच्या दोन्ही मुलांकडे बघून मला ती वाटीच आठवली.

"इंपोर्टेड सांधा आहे, मीच बसवून घेतला होता," थोरला मला ऐकवत होता.

"मग तूच ने घरी. नदीत लोखंड सोडत नाहीत," धाकटा म्हणाला.

"माझ्याकडे कुठे जागा आहे?"

"माझ्याकडे तरी कुठे आहे?"

काकू हयात असतानाही दोघं हेच बोलत, तेही काकूंच्या देखत.

शेवटी अस्थींचं मडकं उचलून ते निघाले आणि सांधा राखेतच राहिला. दांडा आणि गोळा अजूनही एकमेकांना धरून होते.